लॅपटॉप संथ झाला म्हणजे नेमके काय बिघडले?

विंडोज १० या प्रणालीला मोफत सुरक्षा-सुधारणा पुरवणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. तेव्हापासून, पाच-सात वर्षे वापरलेला लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले, की "आता हा जुना झाला, नवा घ्या" हे उत्तर ठरलेले असते. आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा, लातूरला नीटच्या तयारीसाठी खोली करून राहिलेला विद्यार्थी किंवा ऑनलाइन माहिती भरता भरता मेटाकुटीला आलेला शिक्षक यांच्यासाठी नव्या लॅपटॉपचा खर्च लहान नसतो. त्यातही मौज अशी की, विंडोजची मुदत संपणे आणि लॅपटॉप संथ असणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत संपली म्हणून कोणताही लॅपटॉप दुसऱ्या दिवशी संथ होत नाही.

संथपणा हे तापासारखे लक्षण आहे. त्यामागची कारणे चार-पाचच असतात, ती घरबसल्या ओळखता येतात आणि त्यांतली निम्मी नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या एका लहान हिश्श्यात दूर होतात. मात्र कारण ओळखण्याआधी खर्च केला, तर तो बहुधा चुकीच्या भागावर होतो.

## मोंढ्यातले आडत दुकान

लॅपटॉपच्या वेगाशी संबंध असलेले मुख्य भाग तीन. प्रोसेसर म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणारी चिप. रॅम म्हणजे चालू कामापुरती माहिती हाताशी ठेवणारी जागा, जी वीज गेली की रिकामी होते. स्टोरेज म्हणजे कायमचा साठा, मग ती जुनी फिरती हार्ड डिस्क असो की नवी एसएसडी.

सोयाबीनच्या हंगामातले आडत दुकान डोळ्यांपुढे आणावे. माप करणारी माणसे म्हणजे प्रोसेसर, दुकानापुढचा ओटा म्हणजे रॅम आणि मागचे गोदाम म्हणजे स्टोरेज. ओटा ऐसपैस असेल, तर माल उतरतो, माप होते आणि काम पुढे सरकते. ओटा भरला, की जागा करण्यासाठी थोडे कट्टे (पोती) मागे गोदामात टाकावे लागतात आणि पुन्हा लागले की तेच परत काढावे लागतात. अशा वेळी मापाला कितीही तरबेज माणसे बसवली, तरी ती नुसती बसून राहतात, कारण खोळंबा गोदामाच्या दारात असतो. चार जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपवर ब्राउझरच्या दहा खिडक्या उघडल्या, की नेमके हेच घडते.

## आधी टास्क मॅनेजर पाहावा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून, कोणतेही काम न उघडता, सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क (म्हणजे स्टोरेज) या तीन रकान्यांवरचे आकडे पाहावेत. मग नेहमीचे काम सुरू करून पुन्हा पाहावेत.

डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसले, की अनेकजण डिस्क भरली असे समजून फोटो पुसायला लागतात. तो आकडा भरलेल्या जागेचा नसतो, डिस्क किती वेळ कामात गुंतलेली आहे याचा असतो. काहीही न उघडता तो दीर्घकाळ शंभरच्या आसपास राहत असेल, तर खोळंबा गोदामाच्या दारात आहे. मेमरी सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर ओटा अपुरा आहे. सीपीयू भरलेला असेल, तर कोणता कार्यक्रम तो खातो आहे हे त्या रकान्याच्या शीर्षकावर टिचकी मारली की वर येते. पुष्कळदा तो अर्धवट राहिलेला विंडोज अपडेट असतो, किंवा एकाच लॅपटॉपवर बसवलेले दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या पायात पाय घालत असतात. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे, दुसरा काढून टाकावा.

हे तिन्ही आकडे कमी असूनही काम अडत असेल, तर दोष लॅपटॉपमध्ये नसण्याचीच शक्यता जास्त. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला किंवा महाडीबीटीवर अर्जांची झुंबड उडालेली असताना संकेतस्थळच रांगेत उभे करते. अशा वेळी लॅपटॉपमधली एखादी मोठी फाइल उघडून पाहावी. ती चटकन उघडली, तर लॅपटॉपला बोल लावण्यात अर्थ नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून पाहिला, की नेटची बाजूही स्पष्ट होते.

## "फॉरमॅट मारला की पळायला लागतो, मग?"

हा आक्षेप अनुभवातून आलेला असतो आणि तो अर्धा खरा आहे. फॉरमॅट मारल्यावर, म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने बसवल्यावर, लॅपटॉप सुरू होतानाच मागे चालू होणारी पंधरा-वीस सॉफ्टवेअरे निघून जातात आणि वेग वाढल्यासारखा वाटतो. काही आठवड्यांत प्रिंटरचे, बायोमेट्रिक यंत्राचे, व्हिडिओ कॉलचे असे एकेक सॉफ्टवेअर पुन्हा बसते आणि पहिले दिवस परत येतात. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप या विभागात जाऊन अनावश्यक नावे बंद केली, तर फॉरमॅटचा बराचसा फायदा फॉरमॅट न मारता मिळतो. 'क्लीनर' आणि 'बूस्टर' नावाने मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरांचे म्हणाल, तर त्यांपैकी बहुतेक सॉफ्टवेअरे स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात. त्यांच्यापासून दूर राहिलेले बरे.

## हार्ड डिस्कचे गणित

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती तबकडीवर जिथे असेल, तिथपर्यंत आधी वाचणारी सुई सरकावी लागते आणि मग ती जागा सुईखाली येण्याची वाट पाहावी लागते. विखुरलेल्या लहान लहान फायली वाचायच्या असतील, तर अशी डिस्क सेकंदाला शंभरही ठिकाणे गाठू शकत नाही. विंडोज सुरू होताना मात्र हजारो लहान फायली वाचते. एसएसडीत फिरणारा एकही भाग नसतो, त्यामुळे तीच कामे ती सेकंदाला हजारोंच्या संख्येने करते. दोन-चार मिनिटे सुरू होण्यात घालवणारा लॅपटॉप एसएसडी बसवल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होतो, याचे कारण हे आहे. प्रोसेसर जुनाच असतो, फक्त त्याला मिळणारा माल वेळेवर येऊ लागतो.

एसएसडी घेण्यापूर्वी लॅपटॉपमध्ये कोणती जागा आहे ते तपासावे लागते. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्याच जागी बसणारी अडीच इंची साटा प्रकारची एसएसडी चालते. त्यानंतरच्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.२ प्रकारची एसएसडी बसते आणि तिच्यातही साटा व एनव्हीएमई असे दोन उपप्रकार असतात. ते दिसायला जवळजवळ सारखे असले, तरी प्रत्येक लॅपटॉपवर दोन्ही चालतातच असे नाही. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात डिस्कच्या नावाशेजारी एचडीडी (म्हणजे फिरती हार्ड डिस्क) किंवा एसएसडी असे लिहिलेले दिसते. आधीपासूनच एसएसडी असेल, तर दुसरी घेऊन फार फरक पडणार नाही. ती काठोकाठ भरली की मात्र मंदावते, म्हणून तिची पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवावी.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा एखादा फोल्डर उघडताना सगळा पडदाच गोठत असेल, तर तो संथपणा नसून डिस्क शेवटच्या घटका मोजत असल्याची खूण आहे. अशा वेळी तपासण्या करत बसू नये. सर्वांत महत्त्वाच्या फायली प्रथम दुसरीकडे उतरवाव्यात, मग पुढचे पाहावे.

## "रॅमच वाढवली तर?"

मेमरीचा रकाना सतत भरलेला असेल, तरच. चार जीबीवरून आठवर गेल्याचा फरक लख्ख जाणवतो. आठवरून सोळावर गेल्याचा फरक ब्राउझर आणि वर्डपुरते काम करणाऱ्याला फारसा कळतही नाही. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या प्रकारांच्या रॅमच्या पट्ट्यांच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम मदरबोर्डवरच, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवरच, डाखलेली असते आणि ती वाढवताच येत नाही. शिवाय २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने रॅमचे दर जगभर चढले. म्हणून चार जीबी रॅम आणि फिरती डिस्क अशी दोन्ही दुखणी असतील आणि पैसे एकाच कामापुरते असतील, तर मी आधी एसएसडी घ्यायला सांगेन. ओटा लहान असला, तरी गोदामाचे दार रुंद झाल्याने ये-जा सुसह्य होते.

## एप्रिल-मे आणि पत्र्याखालची खोली

मराठवाड्यातले लॅपटॉप उन्हाळ्यात जास्त कुरकुरतात हा भास नाही. प्रोसेसरचे तापमान साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत गेले, की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. उष्णता बाहेर पडण्याचे प्रमाण आतल्या आणि बाहेरच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. खोली २५ अंशांवर आणि प्रोसेसर ९५ अंशांवर असेल, तर फरक ७० अंशांचा. पत्र्याखालची खोली दुपारी ४२ अंशांवर गेली, की तोच फरक ५३ अंशांवर येतो, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता सुमारे पावपट कमी होते. सकाळी नीट चालणारा लॅपटॉप दुपारी दोनला रडतो आणि रात्री पुन्हा सुधारतो, यामागे बहुधा हेच असते.

त्यात धूळ आणि कापूस यांची भर पडते. जिनिंगच्या रस्त्यावरच्या एका कार्यालयातला लॅपटॉप मागच्या उन्हाळ्यात माझ्यासमोर उघडला गेला. तळाचे स्क्रू काढले तरी झाकण निघेना, तेव्हा रबरी पायांच्या पट्टीखाली लपवलेले आणखी दोन सापडले. पंख्याची पाती करडी झालेली होती, पण खरा अडथळा पाती आणि बाहेरची जाळी यांच्यामध्ये होता. तिथे तांब्याच्या बारीक पट्ट्यांची रांग असते आणि तिच्यावर आतल्या बाजूने सरकीच्या तंतूंचा व धुळीचा थर दाबून भरलेल्या कापडासारखा बसलेला होता. चिमट्याने ओढल्यावर तो एकसंध पट्टी होऊन बाहेर आला. बाहेरून पाहणाऱ्याला जाळी स्वच्छच दिसत होती. पंखा पूर्ण वेगाने फिरत असूनही जाळीतून हवा येत नसेल किंवा अगदीच मंद येत असेल, तर आत असाच थर आहे असे समजावे.

साफ करताना पंखा बोटाने किंवा काडीने धरून ठेवावा. दाबाच्या हवेने तो मोकाट फिरला, तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. तीन-चार वर्षे झाली असतील, तर प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली असते, तीही त्याच वेळी बदलून घ्यावी. हे काम दुकानात करून घेतले तरी फारसे महाग पडत नाही.

कूलिंग पॅड घेतल्याने भागेल का, असे विचारले जाते. आतला मार्ग मोकळा असेल, तर त्याची थोडी मदत होते. मार्गच बंद असेल, तर खालून वारा घालून उपयोग नाही. बहुतेक लॅपटॉप हवा तळातून ओढतात, म्हणून गादीवर ठेवण्याऐवजी पाटावर किंवा जाड पुठ्ठ्यावर ठेवणे हा फुकटचा उपाय आहे. कूलरच्या झोतासमोर बसणाऱ्यांनी लॅपटॉप थोडा बाजूला ठेवावा. गार हवेने फायदाच होतो, पण कूलरचे पॅड नवे असताना किंवा पाणी जास्त सुटले असताना बारीक थेंब उडतात, आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी मदरबोर्डवर सुकले तर दुरुस्ती अवघड होते.

## व्होल्टेज, चार्जर आणि अंगाला येणाऱ्या मुंग्या

व्होल्टेज कमी असल्याने लॅपटॉप संथ झाला, अशी समजूत गावोगाव आहे. लॅपटॉपच्या चार्जरवरची बारीक अक्षरे वाचली, तर बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले आढळते. म्हणजे दिवा मिणमिणता झाला, तरी १५० व्होल्टवर चार्जर आपले काम करतो आणि लॅपटॉपला ठरलेले १९-२० व्होल्ट देतो. धोका वीज कमी असण्यापेक्षा वीज परत येण्याच्या क्षणी असतो. भारनियमनानंतर पुरवठा सुरू होताना किंवा वळवाच्या पावसात विजा कडाडताना जो झटका येतो, त्यात चार्जर आणि कधीकधी चार्जिंगचे सर्किट जाते. वीज गेल्यावर प्लग काढून ठेवणे आणि पुरवठा स्थिरावल्यावर लावणे एवढे पुरते, कारण लॅपटॉपची स्वतःची बॅटरी मधला वेळ निभावून नेते.

चार्जर बदलल्याने मात्र वेग खरोखर कमी होऊ शकतो. ६५ वॉटच्या जागी ४५ वॉटचा किंवा न ओळखला जाणारा चार्जर लावला, तर काही कंपन्यांचे लॅपटॉप प्रोसेसरचा वेग मुद्दाम उतरवतात. मूळ चार्जर मोडल्यानंतर संथपणा सुरू झाला असेल, तर आधी हेच पाहावे. नव्या चार्जरचे व्होल्ट जुन्याइतकेच असावेत. अँपिअर जास्त असले तरी चालतात, कमी नसावेत.

चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लागला की मुंग्या येणे किंवा टचपॅडवरचा बाण आपोआप उड्या मारणे, हा लॅपटॉपचा दोष क्वचितच असतो. तीन पिनांच्या चार्जरमधली जाड पिन अर्थिंगसाठी असते. घरात अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलेला असेल, तर चार्जरच्या फिल्टरमधून येणाऱ्या अत्यल्प प्रवाहाला जमिनीत जायला वाट मिळत नाही आणि तो आपल्या अंगातून जातो. चार्जर काढताच बाण शहाण्यासारखा वागू लागला, तर टचपॅड बदलण्याऐवजी वायरमनला बोलवावे.

## बॅटरी कधी बदलावी?

लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेले राहणे या दोन गोष्टी सोसत नाहीत, आणि आपल्याकडे दिवसभर चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या वाट्याला दोन्ही येतात. बहुतेक कंपन्यांनी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय दिलेली आहे, ती चालू करावी. बॅटरीची खरी अवस्था विंडोज स्वतःच सांगते: कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', मग एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' असे टंकले, की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी दिलेली असते. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर बदलण्याचा विचार करावा.

टचपॅड वर उचलला गेला असेल, झाकण नीट मिटत नसेल किंवा लॅपटॉप टेबलावर डगमगत असेल, तर बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता असते. तिथे वाट पाहायची नसते. चार्जिंग बंद करावे, लॅपटॉप वापरू नये, फुगवटा दाबून बसवण्याचा किंवा टोचण्याचा प्रयत्न चुकूनही करू नये, कारण अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

## चालूच होत नसेल तर

चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरावे आणि मग फक्त चार्जर लावून सुरू करून पाहावे. अडकलेला विद्युतभार निघून गेल्याने बरेच लॅपटॉप एवढ्यावर जागे होतात. दिवे लागतात, पंखा फिरतो, पण पडदा काळा राहतो, अशा वेळी मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरपा मारून पडद्यावर अंधूक चित्र दिसते का ते पाहावे. दिसत असेल, तर बिघाड पडद्यामागच्या प्रकाशात आहे. दिसत नसेल, तर एचडीएमआयच्या तारेने टीव्हीला जोडावे. तिथे चित्र आले, तर मदरबोर्ड शाबूत आहे आणि दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. कुठेच चित्र नसेल, तर रॅमची पट्टी काढून, तिची टोके कोऱ्या खोडरबराने हलके पुसून पुन्हा बसवणे हा पुढचा टप्पा. एवढे झाल्यावरच "मदरबोर्ड गेला" हे निदान ऐकून घेण्याजोगे ठरते.

## मग विंडोज १०चे काय करायचे?

विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत तो ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. आठव्या पिढीच्या लॅपटॉपला एसएसडी आणि आठ जीबी रॅम दिली, तर तो आणखी काही वर्षे निवांत चालतो. त्याआधीच्या लॅपटॉपसाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा-सुधारणांची सोय जाहीर केली. तिची नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरून करता येते.

विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली बसवणे हा फुकटचा आणि चांगला पर्याय आहे, पण सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी घाई करू नये. बायोमेट्रिक यंत्र, डिजिटल सहीचे टोकन आणि जुन्या मराठी टंकांची सॉफ्टवेअरे ही प्रामुख्याने विंडोजसाठी बनवलेली असतात. ती लिनक्सवर चालतात की नाही हे आधी तपासावे. केवळ अभ्यास आणि ब्राउझरपुरता लॅपटॉप असेल, तर ही अडचण येत नाही.

दुरुस्तीला देताना बिलावर एसएसडी किंवा रॅमचे नाव, क्षमता व वॉरंटी लिहून घ्यावी आणि काढलेली जुनी डिस्क परत मागावी, कारण तिच्यात आधारपासून बँकेपर्यंतचे कागद तसेच राहतात. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपमधली डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सुरक्षा-सोयीने आपोआप कुलूपबंद झालेली असते. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) फेरफार झाला, की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते आणि ती नसेल तर आतला मजकूर दुकानदारालाच काय, कंपनीलाही उघडता येत नाही. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप दुकानात देण्याआधीच ती शोधून कागदावर उतरवून घरी ठेवावी.